अनुभवाचा रकाना

८ जानेवारी

ताई,

नमस्कार. वाकूनच केलाय असं धर. कंबर धरली आहे, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या करतो आहे.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी डब्यांच्या मागे सरकवशील आणि भाऊजी हॉस्पिटलात कामावर गेले की उघडशील. तसंच कर. फोन करता आला असता. पण तुझा फोन निम्म्या वेळा भाऊजी उचलतात, आणि तू उचललास तर दोन वाक्यांत रडायला लागतेस आणि मी विषय बदलतो. कागदावर विषय बदलला की पकडला जातो. म्हणून कागद.

तुझ्या लेकीच्या लग्नातून मी न जेवता निघून आलो, तेव्हापासून आपलं बोलणं नाही. त्या दिवशी भाऊजींनी व्याह्यांसमोर माझी जी ओळख करून दिली तिच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. 'हा माझ्या हाताखालचा' म्हणाले. बायकोचा भाऊ म्हणाले असते तरी व्याही काही उठून गेले नसते. पण असो, म्हणायचं नाही म्हटलं ना. तू गेटपर्यंत धावत आलीस, हातात भरलेला डबा होता, तो मी घेतला नाही. घ्यायला हवा होता. डब्याने काय केलं होतं?

काम आहे म्हणून लिहितो आहे. आमचा कापड रंगवायचा कारखाना बंद होतोय. मालकांच्या मुलाने जागा विकली. यंत्रं गेली, आता बॉयलर भंगारात जाणार. परवा एक माणूस टेप घेऊन आला आणि बॉयलरभोवती घिरट्या घालू लागला. मी म्हटलं, "मापं मला विचारा, पाठ आहेत." तर म्हणतो, "काका, भंगार वजनावर जातं, मापावर नाही." मी गप्प बसलो. मला गप्प बसवणारे कमी आहेत, तू मोजत आली आहेस.

नदीपलीकडे बिस्किटांचा नवा कारखाना उघडतोय. त्यांना बॉयलर सहायक हवेत. आणि जाहिरातीत खाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते मी पुन्हा पुन्हा वाचलं: अनुभवाचा पुरावा असलेल्या सहायकाला कंपनी स्वतः अटेंडंटच्या परीक्षेला बसवेल. परीक्षा म्हणजे सर्टिफिकेट, सर्टिफिकेट म्हणजे बॉयलर आपल्या नावावर. वयाची अट पन्नास. माझी पन्नाशी मार्चात भरते. म्हणजे ही शेवटची गाडी आहे, आणि तिच्यात चढायला एक पान लागतं. रेझ्युमे.

तुला माहीत असलेलीच गोष्ट आता लिहितो, कारण आपण कोणीच ती कधी शब्दांत बोललेलो नाही. बॉयलर चालतो तिथे सर्टिफिकेटवाला माणूस हजर असायला लागतो, हा कायदा. आमच्या बॉयलर रूमच्या भिंतीवर सर्टिफिकेट भाऊजींचं होतं. भाऊजी स्वतः त्याच पाळीला हॉस्पिटलच्या बॉयलरवर असायचे. महिन्यातून एकदा येऊन सह्या करायचे, चहा आणि मालकाकडचं पाकीट घ्यायचे, "काय मास्तर, ठीक ना?" म्हणून जायचे. बॉयलर मी चालवला. बावीस वर्षं. पगाराच्या कागदावर मी हेल्पर.

तर आता तू मला सांग, अनुभवाच्या रकान्यात मी काय लिहू?

उत्तर पाठव. भाऊजींना विचारून पाठवलंस तरी चालेल, पण अक्षर तुझं असू दे.

तुझा,
मास्तर
(कारखान्यात सगळे हेच म्हणतात. सातवी शिकलेल्या माणसाला हे नाव पडलं म्हणजे तो किती जणांच्या चुका काढत असेल, याचा हिशेब तू कर.)


२३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा, थंडी, जावयाची बदली असं सगळं आलं, आणि शेवटी समासात आडवं करून, 'ह्यांचं नाव कुठे घालू नकोस रे'. समासात लिहिलेलं मी आधी वाचतो हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच तिथे लिहिलंस.

नाव घातलेलं नाही. पण नाव न घालता काय काय घडतं ते ऐक.

चौकात एक टायपिंगवाल्या बाई आहेत. माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं असं की समोरच्याची इस्त्री मोडावी. त्यांनी आधी आपला एक तयार नमुना काढून माझं नाव त्यात घातलं. पहिलीच ओळ, शिक्षण: सातवी पास. खाली, स्वभाव: मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर. त्याच्या खाली, छंद: वाचन, प्रवास.

मी म्हटलं, "बाई, मी प्रवास केलाय तो घर ते बॉयलर रूम. आणि मेहनती हे मी कसं लिहू? ते समोरच्याने म्हणायचं असतं."

"सगळे लिहितात."

"म्हणूनच कोणी वाचत नाही."

त्या दिवशी ग्रंथालयातून या विषयावरची पुस्तकं आणून बसलो. दोन वाचण्यासारखी होती, एक भिरकावण्यासारखं. त्यातून जे उमगलं ते असं. ज्याचं शिक्षण कमी त्याने अनुभव वर घ्यावा आणि शिक्षण खाली. लपवायचं नाही, पण दारातही उभं करायचं नाही. गुण सांगू नयेत, कामं सांगावीत. काम सांगताना ते केल्यामुळे काय झालं हेही सांगावं. आणि सगळं एका पानात, कारण वाचणाऱ्याच्या टेबलावर असा ढीग असतो. बघ, हे सगळं मला पटलं. मी आयुष्यभर असंच बोलत आलोय, लोक त्याला फटकळ म्हणतात.

मग लिहायला बसलो. काय झरझर आलं म्हणून सांगू! सकाळी थंड बॉयलर पेटवून पहिल्या पाळीला वेळेवर वाफ दिली. पाण्याची प्रत रोज तपासली. कोळसा सोडून भुशाच्या विटा जाळायचं ठरलं तेव्हा भट्टीच्या जाळ्या बदलून घेतल्या, धूर कमी झाला. इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं, त्यावरून दुरुस्त्या केल्या. बावीस वर्षांत एकही अपघात नाही. मी बाईंसमोर अशी पानंच्या पानं ठेवली. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"भाऊ, पगार हवाय की सत्कार?"

पण खरी अडचण पुढे आली. मी ते एका पानात आणून घरी हिला वाचून दाखवलं. ही मशिनवर शिवत होती, पाय न थांबवता म्हणाली, "फारच छान. आणि हे सगळं तुम्ही करत होतात तेव्हा सर्टिफिकेटवाले कुठे होते, असं विचारलं की काय सांगाल?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीला शेपूट लावलं. बॉयलर पेटवण्यास मदत केली. पाणी तपासण्यास मदत केली. दुरुस्तीत मदत केली. बाई टाइप करत गेल्या. शेवटच्या ओळीला त्यांची बोटं थांबली आणि त्या खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. "एकही अपघात न होण्यास मदत केली? म्हणजे अपघात करत कोण होतं, भाऊ?"

मीही हसलो, ताई. रस्त्यात येऊन मग हसू गेलं. ते पान हातात घेऊन चालत होतो आणि वाटत होतं, हा कोण माणूस आहे? एवढी वर्षं नुसती मदत करणारा? यांच्याकडे कोणी कामाला नव्हतं का?

मला भाऊजींची एक सही हवी. 'हा माणूस माझ्या हाताखाली बॉयलरवर प्रत्यक्ष काम करत होता', एवढ्या वाक्याखाली. हाताखालचा म्हणवून घ्यायला मी स्वतः तयार झालोय, यावरून ओळख.

तुझा भाऊ


४ फेब्रुवारी

ताई,

भाऊजी येऊन गेले. तू पाठवलंस की आपणहून आले ते विचारत नाही. तुला त्यांनी जे सांगितलं असेल ते त्यांच्या बाजूचं असेल, म्हणून माझ्या बाजूचं लिहून ठेवतो. दोन्ही ठेव समोरासमोर.

दारातच म्हणाले, "काय मास्तर, येऊ का आत? की बाहेरूनच हाकलतोस?"

मी खुर्ची पुढे केली. वाळलेत, ताई. शर्टाची कॉलर गळ्यापासून सुटी दिसते. तू सांगितलं नाहीस.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "अर्ज करतोयस म्हणे. कर की. पण बॉयलरच्याच लाइनीत कशाला? मी हॉस्पिटलात शब्द टाकतो. वॉर्डात माणूस लागतोच. बसून काम."

"कसलं बसून काम?"

"म्हणजे, ट्रॉल्या वगैरे ढकलायच्या."

आतून हिचा आवाज आला, "ट्रॉल्या बसून ढकलतात का हो, भाऊजी?"

ते हसले. तिला मानतात ते. मग मी सहीचं काढलं आणि त्यांचं हसू गेलं.

"सही म्हणजे कागद परीक्षेच्या ऑफिसात जाणार. तिथे माझं हॉस्पिटलचंही रेकॉर्ड आहे. तारखा त्याच, पाळी तीच, माणूस एक आणि बॉयलर दोन. तिथला कारकून डुलक्या काढत असला तरी त्याला दिसेल. एप्रिलअखेरीला मी रिटायर होतोय. चौकशी लागली की पेन्शन अडकलं. मग मी आणि तुझी ताई काय तुझ्या रेझ्युमेवर जेवू?"

"रिटायर झाल्यावर द्याल?"

त्यांनी रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला. चौकशी नंतरही लागू शकते, हे मला जितकं कळतं तितकं त्यांनाही कळतं. आणि तोवर माझी पन्नाशी उलटलेली असणार, हेही.

मी म्हटलं, "दर वर्षी म्हणायचात, पुढच्या वर्षी परीक्षेला बसवतो."

"बसवलं असतं तर मालकाने माझा कागद भिंतीवर कशाला ठेवला असता?" हे ते बोलून गेले आणि स्वतःच दचकले. मग आवाज चढवून, "आणि मी कधी तुला तिथे आडवा आलो? बावीस वर्षांत तुझ्या बॉयलरला बोट तरी लावलं का?"

"नाही लावलंत. तेच तर सांगतोय."

आत मशिन थांबलं होतं. भाऊजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि एकदम खालच्या आवाजात बोलू लागले. म्हणाले, "तुला वाटतं मी फुकट खाल्लं. तिकडे रस्त्यावर आगीच्या बंबाची घंटा वाजली की मी हातातलं काम टाकून गेटवर जायचो. वाटायचं, याचाच फुटला. फुटला असता तर आत मी गेलो असतो, हे माहीत आहे ना?" मी म्हटलं, "फुटला असता तर मी वर गेलो असतो." त्यावर आम्ही दोघेही जरा हसलो. कसलं हसू ते विचारू नकोस.

जाताना चपला घालत त्यांनी मला एक विचारलं. "मी बसवलं असतं परीक्षेला, पास झाला असतास, तर तू त्या जुन्या डबड्यापाशी राहिला असतास? गेला असतास कुठेतरी मोठ्या ठिकाणी. तुला तो सोडवत होता का?"

मी दार उघडून धरलं. तुला मात्र सांगतो. सकाळी आत शिरून दिवा लावायचा, काच पुसायची, पाणी कुठवर आहे बघायचं, आणि मग संपूर्ण कारखाना आपल्या वाफेवर जागा व्हायचा. त्या खोलीत मला कोणी सातवी विचारली नाही. भाऊजींनी मला तिथे अडकवलं हे खरं. पण दाराला कुलूप नव्हतं, हेही तुला सांगितलं पाहिजे. आणि हे त्यांना सांगायचं नाही.

तुझा भाऊ


१५ फेब्रुवारी

ताई,

हे तू काय लिहून बसलीस?

'तुला जे खरं आहे ते लिही. ह्यांचं काय व्हायचं ते मी बघते.' एवढंच, एका कार्डावर, समासही न सोडता.

नाही म्हणाली असतीस तर मी मोकळा झालो असतो. रागावलो असतो, हिच्यापाशी चार दिवस बडबडलो असतो आणि हेल्पर म्हणून गेलो असतो. तुझ्या नवऱ्याने दार लावलं म्हणून ओरडता तरी येत होतं. तू दार उघडून बाजूला उभी राहिलीस, आणि दारापलीकडे तूच आहेस. आता मी कुठून जाऊ?

तू काय बघणार आहेस? घरभाडं? त्यांच्या औषधाच्या गोळ्या? चौकशीला माणसं आली तर चहा टाकणार आहेस का त्यांना? आई गेली तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस, 'मी बघते.' तेव्हा शाळा सुटली ती तुझी. माझी सातवी झाली ती त्यावर. लोकांना वाटतं मी स्वतः शिकलो. मीही लोकांना तसंच सांगतो.

मी आता दोन पानं करून घेतली आहेत. एका पानावर सरळ लिहिलंय: बॉयलर स्वतंत्रपणे चालवला. दुसऱ्यावर 'मदत केली' आहे. टायपिंगवाल्या बाईंनी दोन्ही छापून दिली आणि या वेळी चेष्टा केली नाही. "भाऊ, दोन माणसं अर्ज करतायत का?" एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "एकच आहे. कोण ते ठरायचंय."

दोन्ही एकाच फाइलमध्ये ठेवली आहेत. दुसरं पान दिसायलाही चांगलं झालंय, हे वाईट. ओळी सारख्या, मोकळी जागा नीट, कुठे काना-मात्रेची चूक नाही. खोटं पान मी इतकं टापटीप का केलं, असं ही विचारते. काय सांगू? घाण काम मला करताच येत नाही, एवढंच.

मुलाखतीचं बोलावणं आलंय. २६ तारखेला. तू आता काही लिहू नकोस. कृपा कर.

तुझा भाऊ


२७ फेब्रुवारी

ताई,

काल जाऊन आलो. हिने शर्टाला नवी बटणं लावून दिली होती, म्हणाली, "निदान बटणं तरी खरी असू देत." बसमध्ये फाइल मांडीवर होती आणि मी ती उघडत नव्हतो. कोणतं पान द्यायचं ते ठरवलं नव्हतं. खरं सांगतो, ठरवलं नव्हतं.

आत दोघं होती. एक कार्यालयातल्या बाई आणि एक इंजिनिअर, पस्तिशीचा असेल, बाह्या वर केलेला, नखांत काळं. नखं बघून मला तो आवडला. हे लक्षात ठेव, कारण यात कोणी वाईट माणूस नव्हता.

बाईंनी हात पुढे केला, "रेझ्युमे?" मी फाइलमध्ये हात घातला. दोन्ही पानं बोटांना लागली. कागद एकाच जातीचा, बोटांना काय कळणार? मी बघून काढलं, ताई. बघून, वाचून, 'मदत केली' वालं काढलं.

बाई वाचत होत्या. म्हणाल्या, "एका पानात, नेमकं. कोणी करून दिलं?"

"मीच लिहिलं."

"बरेच शिकलेले लोक तीन-तीन पानं आणतात."

मला बरं वाटलं. अशा वेळी मला बरं वाटतं, हा माझा रोग आहे.

इंजिनिअरने पान हातात घेतलं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाला, "काका, पाण्याच्या काचेत पाणी दिसेनासं झालं. काय कराल?"

ताई, बॉयलरला एक उभी काच असते, आत पाणी किती आहे ते तीत दिसतं. ती रिकामी दिसली की नवा माणूस घाबरून आधी पंप सुरू करतो. तापलेल्या पोटात गार पाणी गेलं की संपलं. आधी काच धुऊन खात्री करायची, ती खोटं तर बोलत नाही ना. मग आग काढायची, हवा बंद करायची, पाण्याला हात लावायचा नाही, माणसं लांब करायची. माझ्यावर हे दोनदा आलंय. एकदा काच खोटं बोलत होती, एकदा नव्हती. दुसऱ्या खेपेला मी आग ओढून काढली, भुवया जळल्या. तुला सांगितलं होतं की स्टोव्ह भडकला. मालकाने त्याबद्दल भाऊजींना बोलावून शाल दिली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं ओठांपर्यंत आलं होतं. पण हे ज्याला सांगता येतं त्याने ते केलेलं असतं, आणि हेल्परने ते केलेलं असायला नको. बरोबर उत्तर दिलं असतं तर माझं पान खोटं पडलं असतं.

मी म्हटलं, "अटेंडंटना हाक मारेन."

त्याने विचारलं, "आणि अटेंडंट नसतील तर?"

"असतातच. कायदा आहे."

त्याने पान टेबलावर ठेवलं. पुढे वाकून, बाईंना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "काका, एवढी वर्षं बॉयलर रूममध्ये काढलेला माणूस असं बोलत नाही. इथे पोलिस बसलेला नाही. तुम्ही चालवला असेल तर सांगा. मी तुमच्या जुन्या अटेंडंटना फोन करतो, ते 'हो' म्हणाले की तुमचं नाव परीक्षेच्या यादीत घालतो. आज शेवटचा दिवस आहे यादीचा."

फोन बाहेर काढलासुद्धा त्याने. "नंबर सांगा."

भाऊजींचा नंबर मला पाठ आहे. तो वाजला असता तर निम्म्या वेळा ते उचलतात. निम्म्या वेळा तू. तू उचलला असतास तर 'हो' म्हणाली असतीस. हे मला इतकं स्वच्छ दिसलं की तुझा आवाजही ऐकू आला.

"नाही हो, साहेब," मी म्हटलं. "मी आपला इंधन टाकायचो, राख काढायचो. बाकीचं बघून बघून पाठ झालं."

त्याने फोन खिशात ठेवला. रागावला नाही. आपण कोणाला काही देऊ केलं आणि समोरच्याने मुठी मिटल्या की चेहरा होतो तसा झाला. बाईंनी लिहून घेतलं. सहायकाच्या जागेसाठी पुरावा नाही. साध्या हेल्परची जागा आहे, पहिल्या पाळीला, चालेल का?

चालेल म्हटलं.

उरलेलं, खरं पान मी पुलावर फाडायचं ठरवलं होतं, नाटकात फाडतात तसं. वारा बेताल होता, तुकडे अंगावरच आले असते. घरी आणून हिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि कापडाचे नमुने ठेवते त्या पेटीत ठेवलं. नंतर पोळ्या करताना म्हणाली, "तुमची ताई नशीबवान आहे." टोमणा होता की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तू अपराधी वाटून घेशील, म्हणून ताकीद देतो: वाटून घेऊ नकोस. मी तुझ्यासाठी काही सोडलेलं नाही. मला नंबर सांगता आला नाही, एवढंच झालंय.

तुझा भाऊ


१९ एप्रिल

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहिलं नाही कारण हात दुखतात. इथे इंधनाची पोती उंचावर चढवायची असतात. पन्नाशी कारखान्यातच साजरी झाली, पन्नास किलोच्या एका पोत्याखाली.

बॉयलर नवा आहे. सगळं चकचकीत, आकडे पडद्यावर उमटतात. अटेंडंट एक बाई आहे, तिशीची असेल. सर्टिफिकेट तिचं, आणि तीही तिथेच असते, पाळी सुरू होण्याआधीपासून संपल्यानंतरपर्यंत. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण या रेषेच्या आत मी असल्याशिवाय यायचं नाही." जमिनीवर पिवळी रेष आहे. मी रेषेबाहेर उभा राहतो.

तुला खोटं सांगणार नाही. मी वाट बघत होतो. कधीतरी तिचं चुकेल, मला आधी कळेल, मी सांगेन आणि मग सगळे माझ्याकडे बघतील, असं काहीतरी मनात ठेवून मी पोती वाहत होतो. मागच्या आठवड्यात फीड पंपाचा, म्हणजे आत पाणी ढकलणाऱ्या पंपाचा, आवाज बदलला. अगदी किंचित. मान वर केली तर ती आधीच उठून पंपाकडे निघाली होती. तिने माझ्याआधी ऐकलं होतं. दुसरा पंप लावला, पहिला उघडून बघितला, पुन्हा येऊन बसली. मला म्हणाली, "दादा, जरा ते फडकं द्या."

मी फडकं दिलं.

त्या दिवशी उरलेली पोती मी एकट्याने चढवली. ती चुकली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. ती चांगली आहे, ताई. बॉयलरपाशी जसं बसावं तशी बसते. मी कसा बसत असेन ते मला आता तिच्याकडे बघून कळतं. मला तेव्हा बघणारं कोणी नव्हतंच.

इंजिनिअर अधूनमधून चक्कर मारतो. माझ्याशी हवापाण्याचं बोलतो. दुसरं काही विचारत नाही.

आता तुझ्या तिसऱ्या पत्राचं. भाऊजींच्या निरोप समारंभाला तू मला आणि हिला बोलावलं आहेस. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर बोलणार आहेत, सगळी नोकरी एकाही डागाशिवाय झाली म्हणून खास सत्कार आहे. तू लिहिलंस, 'तुझ्यामुळे हा दिवस दिसतोय, तू समोर बसायला हवास.' भाऊजींनीही खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत. मी त्या परत परत वाचल्या.

त्यांचं पेन्शन सुरू झालं की मला कळव. ती बातमी मला हवी आहे. ही साडी नेसून यायला तयार आहे. तिला मी अडवणार नाही, तिला बसमध्ये बसवून देईन, तू स्टँडवर कोणाला तरी पाठव. भाऊजींना तिच्याबरोबर एक जाड स्वेटर पाठवतो आहे, गळ्याशी घट्ट बसेल असा. मापाने घेतलाय.

त्या दिवशी मला रजा मिळू शकते. इथे रजेचं काटेकोर आहे पण माणसं चांगली आहेत, मागितली की देतात.

मी मागितलेली नाही.

तुझा भाऊ